बाराव्या वर्षाच्या अलीकडे

कचेरीच्या खिडकीचं एक दार उघडं होतं आणि एक लोटलेलं. लोटलेल्या दाराला नवी काच बसवली होती. राज्य बदलायच्या धामधुमीत जुनी फुटली म्हणतात. रांगेत माझी पाळी आली, मी कागद पुढं करायला वाकले, आणि आतल्या बाबूंच्या आधी त्या काचेत मला माझं कपाळ दिसलं. घरी आरसा आहे, तळहाताएवढा, भांग पाडण्यापुरता. त्यात एका वेळी एक डोळा दिसतो नाहीतर एक कान. पुरं तोंड मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. कुंकू डावीकडं सरकलेलं होतं. थोडंथोडकं नाही, चांगलं भुवईकडं कललेलं, कुणी घाईघाईत भिंतीला बोट पुसावं तसं. मी तशीच वाकून बघत राहिले. आतून बाबू म्हणाले, "बाई, कागदात विधवा लिहिलं आहे अन् कपाळावर तर कुंकू दिसते. तुम्ही विधवा आहात का न्हाई, हे एकदा घरून ठरवून या." मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबूंच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, सकाळपासून शंभर जणांशी बोलून झालेल्या माणसाचं बोलणं होतं ते. मीही "बरं, ठरवते" म्हणाले, बाजारात वांगी घ्यायची का शेंगा हे ठरवते म्हणावं तशी, आणि रांगेतून बाहेर झाले. लिंबाखालच्या पायऱ्यांवर बसल्यावर ध्यानात आलं की मला राग आला नव्हता, लाजही वाटली नव्हती. मनात एकच घोळत होतं, की इतकी वर्षं मी वाकड्या कुंकवानं हिंगोलीभर हिंडले आणि एकाही मायबहिणीला सांगावंसं वाटलं नाही.

गुडघे दुखत होते म्हणून बसले, दुसरं काही कारण नव्हतं. सावलीत थंडी होती आणि उन्हात माशा होत्या. मी मधल्या पायरीवर बसले, अर्धी सावलीत, अर्धी उन्हात. असं मधोमध बसायची मला सवयच झाली आहे. निजामाच्या राज्यात याच पायरीवर बसून मी दरख्वास्त लिहून घेतली होती, आता तिचा अर्ज झाला. तेव्हाचा कागद उर्दूत होता, आताचा मला वाचता येतो, एवढा एक फरक. आमचे हे नाक्यावरून मालाला गुंडाळलेले जुने वर्तमानपत्राचे कागद आणायचे, त्यावर मी अक्षरं जुळवायला शिकले. त्यामुळं माझ्या वाचनाला सुरुवात असते आणि शेवट नसतो, नाहीतर शेवट असतो आणि सुरुवात नसते. कागद जिथं फाटला तिथं गोष्ट संपली. पुढं काय झालं म्हणून जीव टांगून घ्यायची खोड माझी तेव्हाच मोडली, असं मी समजत होते.

दुपारी बाबू डबा घेऊन बाहेर आले. माणूस वऱ्हाडातला, नव्या राज्याबरोबर इकडं आलेला. मला पाहून म्हणाले, "काहून बाई, गेल्या न्हाई तुम्ही?"

"ठरवून राहिले," मी म्हणाले.

ते हसले आणि दोन पायऱ्या सोडून बसले. भाकरी मोडता मोडता त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं, शाळेत पोराला सांगावं तसं. जुन्या कागदांत माझ्या नावावर जास्तीची उचल दाखवली होती. नवरा मेला नसताना मी त्याच्या मरणाचा वजिफा, म्हणजे सरकारी पेन्शन, खाल्ला, असा त्याचा अर्थ. ती फेडल्याशिवाय नवा अर्ज पुढं सरकत नाही. "पण तो तेव्हाच मेला होता असं ठरलं," ते म्हणाले, "तर मंग जास्तीचं काही राहतच न्हाई. जुनं मिटते, नवं सुरू होते. एका शब्दाचं काम आहे बाई."

"आन् न्हाई ठरलं तर?"

"तर संक्रांतीनंतर वसुलीवाले येतील. घरदार काय आहे तुमच्या नावावर?"

"एक खोली हाय. कापसाच्या जिनाच्या मागं."

"तिच्यावरच येतील मंग." त्यांनी ठेच्याला बोट लावलं आणि चाटलं. "घरात कोण आहे?"

"सासू. डोळ्यांत मोतीबिंदू."

"म्हणजे त्याची आई? सख्खी?" बाबू एकदम खूश झाले. "अहो, मंग झालंच की! त्याच्या रक्ताच्या माणसाचा अंगठा लागते, मुलगा मेला म्हणून. तुमचं एकटीचं चालत न्हाई. उद्या त्यांना घेऊन या. अन् हे," त्यांनी भाकरीच्या हातानं स्वतःच्या कपाळाकडं दाखवलं, "हे पुसून या. मोठे साहेब असतात इथं."

"झालं मंग," मी म्हणाले.

झालं म्हणणं सोपं होतं. पण हे कुंकू मी लावत नाही. ते आत्याबाई लावतात. माझ्या नवऱ्याची आई, गोजरबाई, रोज सकाळी अंघोळ झाली की मला समोर बसवतात, डाव्या हातानं माझी हनुवटी धरतात, आधी मेण आणि मग कुंकू लावतात. आधी डोळे होते तेव्हा ते बरोबर मध्ये लागत असेल. मग एका डोळ्यात पडदा आला, मग दुसऱ्यात. कपाळ शोधायला लागायचं तेव्हा त्यांचं बोट आधी माझ्या नाकाला लागायचं, तिथून वर चढायचं, आणि चढता चढता वाट चुकायचं. मला बोटाचा गार शेंडा कळायचा, जागा कळायची नाही. कपाळावर कुठं काय आहे हे माणसाला आतून कळत नाही, हे मला आज काचेनं शिकवलं.

आमच्याकडं रांडावलेल्या बाईनं सवाष्णीला कुंकू लावू नये म्हणतात. आत्याबाई तर कधीच्या कोऱ्या कपाळाच्या. आमच्या गावच्या, पुसेगावच्या, बायकांनी यावरून पुष्कळ बोलून घेतलं. आत्याबाईंचं एकच उत्तर असायचं, "तुमच्या सुनांना तुमी लावा. ही माझी हाय."

त्याची सुरुवात कनेरगावच्या नाक्यावर झाली. आमचे हे, संतराम, नाक्यावर शिपाई होते. अलीकडं निजामाचा मुलूख, पलीकडं इंग्रजाचा, आणि मध्ये जकात. पट्टा लावला की ह्यांची मान ताठ व्हायची आणि पट्टा खुंटीला अडकवला की परत माझ्या ओळखीचा माणूस उरायचा. चालताना मागं कुणी हाक मारली तर मान वळवायचे नाहीत, खांद्यापासून सगळेच वळायचे, गाडी वळावी तसे. मी चिडवायची, "जू ठेवलंय का मानंवर?" त्या श्रावणात पैनगंगेला पूर होता. खालच्या अंगानं कुणीतरी लादलेले बैल पाण्यात घातले, जकात चुकवून पलीकडं न्यायला. हे पाण्यात उतरले. बैल पलीकडं निघाले. हे निघाले नाहीत, का निघाले, कुणाला दिसलं नाही. अंधारून आलं होतं. तिसऱ्या दिवशी खाली एका बाभळीला पटका अडकलेला सापडला. नाक्याचे मुन्शीजी म्हातारे, कनवाळू माणूस. त्यांनी त्याच आठवड्यात लिहून टाकलं, शिपाई सरकारी कामावर असताना बुडून मेला, मागं बेवा आणि आई आहे. त्या एका ओळीवर मला वजिफा बसला. ती ओळ मुन्शीजींनी दयेनं लिहिली होती. त्या दयेचा हिशेब पुढं आमच्यावरच फिरेल, हे त्या भल्या माणसाला कुठून कळणार.

बायका बांगड्या फोडायला आल्या, येताना दगडही घेऊन आल्या, आमच्या दारात दगड काय कमी होते. आत्याबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. "काय बघून फोडता?" म्हणाल्या. "पटका मेला, तर पटक्याच्या बांगड्या फोडा. माझं लेकरू दाखवा, मंग हिला हात लावा." भटाला विचारलं. तो म्हणाला, प्रेत नाही तर दहन नाही. बारा वर्षं वाट बघायची. नाही आला तर पळसाच्या पानांचा माणूस करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. तोपर्यंत बायको सवाष्ण. भट गेला आणि आत्याबाईंनी माझी हनुवटी धरली. तो पहिला दिवस. त्यांच्या बोटाला शेणाचा वास होता, आणि मला त्या क्षणी, खरं सांगायचं तर, फक्त भूक लागली होती.

वर्षातून एकदा हयाती द्यायला हिंगोलीला यायचं. म्हणजे मी जिवंत आहे हे आपण स्वतः जाऊन दाखवायचं. कचेरीतले पहिले पेशकार जुने होते, कागद बघायचे, माझ्याकडं बघायचे आणि म्हणायचे, "कागद का मामला कागद पर, घर का मामला घर में. जाव बेटी." मला ते बराबर वाटायचं. मग ते गेले आणि दुसरे आले. तरणे, नवीन, कामाची हौस असलेले. त्यांनी कागद बघितला आणि कपाळ बघितलं. परत कागद बघितला. "बेवा?" त्यांनी विचारलं. "तो ये क्या है? शौहर जिंदा है?" मी म्हणाले, "ठाऊक न्हाई साहेब. बारा वर्षं व्हायची हायेत अजून." त्यांना मराठी येत होती आणि तरी कळलं नाही. त्यांच्या कागदावर दोनच घरं होती, एक मेलेल्याचं आणि एक जित्याचं. आमच्याकडं तिसरं असतं, वाट बघायचं, ते त्यांनी कुठं काढावं? त्यांनी लिहिलं की बाईच्या सांगण्यावरून नवरा हयात आहे. झालं. आधीचं सगळं जास्तीचं ठरलं. पुसेगावची म्हैस गेली, घंगाळ गेलं, तांब्याची कळशी गेली. तरी बाकी राहिलीच. जमिनीचा तुकडा भावकीला देऊन आम्ही दोघी हिंगोलीत आलो, जिनामागं ही खोली घेतली, आणि मी गोधड्या शिवायला लागले. लोक जुनी लुगडी, धोतरं आणून देतात. कित्येकदा माणूस गेलं की त्याचे कपडे माझ्याकडं येतात, पोराबाळांना पांघरायला. धोतर कुठं विरलं आहे त्यावरून तो माणूस कसा बसायचा ते कळतं. अशा कितीतरी गेलेल्या माणसांना मी टाका घातला. आमच्या घरातला पटका मात्र पेटीत घडी करून आहे, तो ना गेलेल्यांत, ना राहिलेल्यांत.

आणि एक भावसिंग. साखऱ्याकडच्या तांड्यावरचा, ह्यांच्या नाक्यावरच्या ओळखीचा, माझ्याकडं कापूस आणून द्यायचा. आम्ही हिंगोलीत आलो त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात एक दिवस तो दारात बसून पाणी पिता पिता म्हणाला, "भाबी, म्हणू का नको? वाशीमच्या बाजारात संतरामदादासारखा माणूस पाह्यला. मी हाक मारली, तर खांद्यापासून वळला बघा. मंग गर्दी झाली." माझ्या हातात सुई होती. मी धागा दातानं तोडला आणि म्हणाले, "खांद्यापासून वळणारे लई असतात भावसिंगभाऊ. मानेला लचक भरली की समदेच वळतात." तो हसला, पाणी पिऊन गेला. आत्याबाई आत कापसातली सरकी निवडत होत्या. पुढच्या बाजाराला मी वाशीमला गेले. आत्याबाईंना सांगितलं, सुया आणायच्या आहेत, इथल्या मोडतात. दिवसभर मी माणसांच्या माना बघत फिरले. गोऱ्या माना, काळ्या माना, घामानं मळलेल्या, ताईत बांधलेल्या. एका कापडाच्या दुकानापुढं कितीतरी वेळ उभी राहिले, कारण तिथं पाठमोरा एक जण पटका बांधत होता. मला हाक मारायची होती. काय नावानं मारणार? नवऱ्याचं नाव मी जन्मात घेतलं नव्हतं, उखाण्यात सोडून. आता भर बाजारात उखाणा घेऊ का? माझं मलाच हसू फुटलं, आणि तेवढ्यात तो वळला. मानेनं वळला. मी सुया घेतल्या आणि परत आले.

त्यानंतर मला झोपेत नदी दिसायची बंद झाली आणि बाजार दिसायला लागला. नदी बरी होती. नदीत माणूस मेला तर त्यात माझं काही नव्हतं. बाजारात मात्र तो कुणासाठी तरी पाव शेर गूळ घेत असायचा. मेला असेल तर बिचारा, आणि जगत असेल तर मी कोण? त्याच्या नावाचं कुंकू रोज सकाळी मेणावर चिकटवून घेणारी कोण? त्या अंगानं विचार करायला लागलं की थकवा यायचा. पोत्याखाली चालणाऱ्या माणसाला खांदा बदलावासा वाटतो, तसं मला वाटायचं की काहीतरी एक ठरू दे. आणि सकाळी हनुवटी धरली की मी गप बसायची. म्हातारीची तेवढीच आशा आहे, ती कशाला मोडा.

आणि आता बाबू म्हणत होते, ती आशा घेऊन या, अंगठा लावायला.

घरी आले तेव्हा आत्याबाई दारात ऊन धरून चिंध्या निवडत होत्या. डोळ्यांना दिसत नाही, पण हातानं त्यांना सूत कळतं, लुगडं कळतं, कुणाच्या घरचं तेही बऱ्याचदा कळतं. मी बसले. काय आणि कसं बोलावं हे रस्ताभर जुळवत आले होते, आणि तोंडातून आलं ते भलतंच.

"आत्याबाई, कुंकू वाकडं लागून राह्यलं."

त्यांचा हात थांबला. "कवापासून?"

"ठाऊक न्हाई. आज दिसलं."

"तर मंग सांगायचं न्हाई का, बाई? मला दिसून राह्यलं व्हय?" त्या खरंच रागावल्या होत्या. "लोक म्हणत असतील, काय येडीबागडी सून घेऊन हिंडते म्हातारी. कुठं दिसलं?"

"कचेरीत. काचंत."

"काय म्हणून राह्यले कचेरीत?"

मी सांगितलं. खोलीचं सांगितलं, संक्रांतीचं सांगितलं, जुनं मिटतं ते सांगितलं. अंगठ्याचं सांगायला आले आणि उठले, माठातलं पाणी प्याले, परत येऊन बसले आणि सांगितलं. आत्याबाईंनी एक चिंधी उचलली, चाचपली, सुताच्या ढिगात टाकली. मग ती परत काढून लुगड्याच्या ढिगात टाकली.

"बारा वर्षं कवा होतात?" त्यांनी विचारलं.

"येत्या श्रावणात."

"आन् वसुली?"

"संक्रांतीच्या मागून."

"म्हंजी सरकारला आपल्यापेक्षा घाई हाय," त्या म्हणाल्या. जिनाचा भोंगा झाला, गाड्या सुटल्या, रस्त्यावर कापसाचा भुरका उडाला आणि आमच्या दारात बसला. त्यांनी लुगड्यावरचा कापूस झटकला. "रांगंत लई येळ उभं ऱ्हावं लागतं का?"

"लागतं."

"मंग सकाळीच जाऊ. भाकरी बांधून घे."

सकाळी त्यांनी नेहमीसारखं मला समोर बसवलं. मी म्हणणार होते, आत्याबाई, आज नको, पुसून या म्हणालेत. पण त्यांच्या बोटानं त्या दिवशी माझं नाक, भुवया, भांग सगळं चाचपून बघितलं, दोन वेळा मोजल्यासारखं, आणि अगदी मधोमध कुंकू लावलं. मला आरशाशिवाय कळलं की ते मधोमध आहे. "आता सरळ हाय का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. ते कुंकू पुसायला माझा हात उचलला नाही. रस्त्यानं त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होत्या, आणि मला वाटत होतं, निदान आज तरी लोकांनी माझ्या कपाळाकडं बघावं. कुणी बघितलं नाही.

बाबूंनी आत्याबाईंना आत बोलावून बाकावर बसवलं, मला शेजारी उभं केलं. माझ्या कपाळाकडं पाहून त्यांनी नुसती मान हलवली. मोठे साहेब आले नव्हते, त्यामुळं ते जरा सैल होते. त्यांनी छापील कागद भरला आणि वाचून दाखवला. त्यात माझ्या नवऱ्याचं नाव होतं, बापाच्या नावासकट, मोठ्यानं. त्या खोलीत ते नाव ऐकलं आणि आत्याबाईंनी मान वर केली, हाकेला करावी तशी.

"आजी, यात लिहिलं आहे की तुमचा मुलगा पुरात मेला. हे खरं आहे ना? हो म्हणा अन् इथं अंगठा द्या."

"तू कुठला, लेकरा?" आत्याबाईंनी विचारलं.

"मी? मी रिसोडचा."

"माय हाय?"

"आहे ना."

"भेटाया जातो का न्हाई?"

बाबू मघाशी मला बघून हलवली तशीच मान हलवत म्हणाले, "जातो की. सुट्टी भेटली की जातो. आजी, लोक थांबले आहेत. हो का नाही?"

आत्याबाईंनी ओठ पुसले. "माझं लेकरू मायेला सोडून इतकी वर्षं जगणारं नव्हतं," त्या म्हणाल्या. "आन् जगलं असंल, तर त्ये माझं नव्हं. दोन्हीकडून मेलंच की. लिव्हा."

मी त्यांच्याकडं बघितलं. मोतीबिंदूच्या डोळ्यांत काही दिसत नाही, आतलं बाहेर येत नाही आणि बाहेरचं आत जात नाही. दोन्हीकडून, त्या म्हणाल्या होत्या. दुसरी बाजू त्यांना कुणी सांगितली? बाबू शाईची गादी पुढं सरकवत होते. आत्याबाईंना ती दिसली नाही. त्यांचा डावा हात वर आला, माझा पदर चाचपत, खांदा, मान करत माझ्या हनुवटीला लागला. मी वाकले, रोजच्यासारखी. उजव्या हाताचा अंगठा माझ्या नाकावरून वर चढला, वाट चुकला नाही, आणि त्यांनी माझं कुंकू पुसून काढलं. एका ओढीत नाही निघालं, मेण घट्ट होतं. तीनदा पुसलं, चांगलं दाबून, पोराचं तोंड पुसावं तसं. मग तोच अंगठा त्यांनी टेबल चाचपून समोरच्या कागदावर टेकवला.

"अहो, अहो आजी! शाई! शाई इकडं आहे!" बाबूंनी कागद ओढला. नवऱ्याच्या नावाच्या बाजूला तेलकट लाल अंगठा उठला होता, रेष न् रेष. बाबू त्याच्याकडं बघत राहिले. "लाल चालत न्हाई," ते हळूच म्हणाले. "काळी शाई पाहिजे. अन् कागद खराब झाला. हा शेवटचाच होता, परभणीहून आज संध्याकाळी नवे येतात. उद्या या, आजी. उद्या पयले तुमचंच घेतो."

"उद्या परत मारू का त्याला?" आत्याबाईंनी विचारलं. टोमणा नव्हता, माहिती विचारत होत्या.

बाबूंनी माझ्याकडं पाहिलं, मग टेबलाकडं. "हो आजी," ते म्हणाले. "शाईनं."

परत येताना माझ्या कपाळाला वारा लागत होता. एवढ्याशा जागेला इतका वारा लागतो हे मला ठाऊक नव्हतं. लिंबाखाली आम्ही भाकरी खाल्ली. आत्याबाईंना भाकरी चावायला वेळ लागतो, मी त्यांच्यासाठी तुकडे पाण्यात बुडवून देत होते.

"शकू," त्या म्हणाल्या, "वाशीमच्या सुया कशा निघाल्या त्या?"

माझ्या हातातला तुकडा पाण्यात पडला. "कोणच्या सुया?"

"कोणच्या म्हंजी? आणल्या न्हाईत का? भावसिंग येऊन गेला त्याच्या मागून." त्यांनी तोंडातला घास फिरवला. "मी म्हणलं, ही दिसभर हिंडून आली आन् पायाला नुसता धुरळा. बोलली न्हाई, म्हंजी दिसलं न्हाई कोणी. का दिसलं व्हतं?"

"न्हाई, आत्याबाई. मानंनं वळला त्यो."

"मंग त्यो नव्हता," त्या लगेच म्हणाल्या. "तवापासून मलाबी वाटायचं, आता हिला कशाला रोज धरून बसवा. पण तू आपली सकाळ झाली की येऊन बसायची समोर. म्हणलं, पोरीचा तेवढाच आधार हाय, त्यो कशाला काढून घ्या."

मी पाण्यातला तुकडा शोधत होते. तो विरघळून गेला होता. मला हसावंसं वाटलं, आणि हसले असते तर बराच वेळ हसले असते. कचेरीपुढं बसून दोन बाया हसतात म्हणून कुणीतरी त्याचंही काही लिहून ठेवलं असतं. "आत्याबाई, पाणी प्या," मी म्हणाले.

घरी येऊन त्या लवकर झोपल्या. मी दिवा असेपर्यंत एका गोधडीचा कोपरा शिवला. काही वेगळं वाटत नव्हतं. थकवा होता, पण रोजचाच, अंगात बसलेला.

सकाळी मी अंघोळ करून ओले केस झाडत आत आले. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर करंडा, त्याचं झाकण काढलेलं. मी जाऊन समोर बसले. त्यांनी डाव्या हातानं माझी हनुवटी धरली. उजव्या हाताचं बोट करंड्यात बुडालं, वर आलं. मी कपाळ पुढं केलं. बोट माझ्या नाकाला लागलं, गार, आणि तिथंच थांबलं. त्यांनाही तेव्हाच आठवलं असावं. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, त्यांचं बोट माझ्या नाकाच्या शेंड्यावर, माझी मान पुढं. कुणी आधी मागं व्हायचं, ते कळत नव्हतं. बाहेर जिनाचा भोंगा झाला.

"नाक लाल झालं असंल," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी पदराच्या टोकानं ते पुसलं, हळूहळू, मग आपलं बोट पुसलं आणि करंड्याचं झाकण चाचपून लावलं. "चल, ऊठ. त्यो बाबू म्हणला हाय, पयलं आपलंच घेतो."

मी भाकरी बांधायला उठले.